डोक्याला करंट दिला की मेंदू परत चालू होतो?

अशी एखादी रील तुमच्या फीडवर कधी ना कधी आलीच असेल. एक बाई, हात पोटाशी आखडलेला. कुणीतरी बटण दाबतं आणि तोच हात हळूहळू पाण्याचा ग्लास उचलतो. मागे पियानो. खाली कॅप्शन : ‘मेंदूत चिप बसवली, लकवा गायब!’ आपण एक हार्ट टाकतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण ज्यांच्या घरात कुणी डोक्याला मार लागून पलंगावर आहे, ते स्क्रोल करत नाहीत. ते ती रील सेव्ह करतात, फॅमिली ग्रुपवर टाकतात आणि घरातल्या शिकणाऱ्या पोराला किंवा पोरीला विचारतात, ‘अगं, हे आपल्याकडे होतं का? किती लागतील?’

ती पोरगी उद्या तुम्ही असू शकता. आणि याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सरळ नाही. ‘विज्ञान आता कुठल्या कुठे गेलंय’ म्हणणारेही अर्धवट सांगतात आणि ‘सगळं फेक आहे’ म्हणणारेही. म्हणून जरा बसून बघूया.

पनवेलकरांसाठी तर हा विषय लांबचा नाहीच. नकाशा काढा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आपल्या कळंबोलीतून सुटतो. जुना पुणे हायवे शहराला घासून जातो. गोव्याचा हायवे पळस्पे फाट्यावर फुटतो. सायन-पनवेल वेगळा, जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर वेगळे. इतके रस्ते जिथे एकमेकांना भेटतात, तिथे अपघातातले पेशंटही येणारच. ऑगस्ट २०२२ मध्ये शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांच्या गाडीला एक्स्प्रेसवेवर अपघात झाला, तेव्हा त्यांना कामोठ्याच्या एमजीएम हॉस्पिटलमध्येच आणलं होतं. २००१ मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे याच एक्स्प्रेसवेवर गेल्या. ही नावं आपल्या लक्षात आहेत, कारण त्या मृत्यूच्या बातम्या होत्या. जे वाचले, व्हेंटिलेटरवरून उतरले, डिस्चार्ज घेऊन घरी गेले, पण परत ‘आधीसारखे’ झाले नाहीत, त्यांची बातमी होत नाही.

आकडेवारीचंही तसंच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. हेल्मेट न घातलेले किती, तर ५०,०२९. मेलेल्यांचा हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत आहे. पण डोक्याला मार लागून ज्यांचं बोलणं, चालणं, लक्ष, स्वभाव बदलला त्यांचा रकानाच त्या अहवालात नाही. ते सगळे ‘गंभीर जखमी’ या एका शब्दात जाऊन बसतात, मोडलेल्या पायाच्या शेजारी.

‘शॉक’ म्हणजे तो सिनेमातला नव्हे

‘मेंदूला करंट’ म्हटलं की आपल्या डोक्यात हिंदी सिनेमातला सीन येतो. हात-पाय बांधलेले, तोंडात रबर, डॉक्टर खलनायकासारखा हसतोय. ती ईसीटी. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेली, मुद्दाम फिट आणणारी ट्रीटमेंट. आजही ती तीव्र डिप्रेशनसारख्या आजारांत वापरली जाते, पण भूल देऊनच. भूल न देता ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरळ बंदी घातली आहे. तो वेगळा विषय. मेंदूला मार लागल्यानंतर ‘रिकव्हरी’साठी जे करंट देतात त्याचा या सीनशी काही संबंध नाही.

ढोबळमानाने याचे तीन-चार प्रकार. पहिला सगळ्यात साधा : डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज लावायचे आणि वीसेक मिनिटं एक-दोन मिलिअँपिअर इतका बारीक करंट सोडायचा. टीडीसीएस म्हणतात याला. ईसीटीच्या तुलनेत हा करंट काहीशे पट कमी. २००० साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलस या दोघांनी दाखवलं की इतक्या करंटनेही मेंदूच्या हालचालीच्या भागाची ‘चटकन पेटण्याची’ तयारी काही मिनिटं बदलते. दुसरा प्रकार चुंबकाचा, टीएमएस. कॉइल डोक्याजवळ धरायची, आत करंट आपोआप तयार होतो. हा १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी करून दाखवला. बारावीत फॅरेडेचा नियम पाठ केला असेल तर तोच हा, फक्त तारेच्या जागी मेंदू. तिसरा प्रकार म्हणजे थेट ऑपरेशन : कवटीला भोक पाडून मेंदूच्या खोल भागात केसासारखी तार सोडायची आणि छातीत, कातडीखाली, पेसमेकरसारखी बॅटरी बसवायची. हे डीबीएस. आणि चौथा, मेंदूला हातच न लावता मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला करंट द्यायचा.

(एलॉन मस्कची न्यूरालिंक यात नाही, बरं का. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात बसवलेली ती चिप मुख्यतः मेंदूचं *ऐकते* आणि कर्सर हलवते. इथे आपण मेंदूशी *बोलणाऱ्या* यंत्रांबद्दल बोलतोय. रीलवाले दोन्ही एकत्र करतात.)

यातला कुठलाही प्रकार मेलेल्या पेशी जिवंत करत नाही. हे पुन्हा वाचा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. स्ट्रोकमध्ये किंवा अपघातात जो भाग गेला तो गेला. पण त्याच्या आजूबाजूचा, वाचलेला भाग नवीन जोडण्या करू शकतो. घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला की गावागावातून वाट काढत गाड्या जातात, आणि रोज जायला लागल्या की तीच वाट रुळते. करंटचं काम इतकंच की ती वाट रुळण्याची शक्यता थोडी वाढवायची. गाड्या मात्र चालवाव्याच लागतात.

थॅलॅमस नावाचं पनवेल स्टेशन

अपघातातला मार आणि स्ट्रोक हे वेगळं प्रकरण आहे. स्ट्रोकमध्ये सहसा एक तुकडा जातो. गाडीवरून पडल्यावर मात्र मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो, पिळवटतो, आणि लांब लांब धागे ताणून तुटतात. सीटी स्कॅन कधीकधी ‘नॉर्मल’ येतो, पण माणूस नॉर्मल नसतो. दोन गोष्टी एका वेळी डोक्यात राहत नाहीत, वाचलेलं पान लगेच विसरतं, दुपारी थकून झोप येते, राग आवरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आळशी झालाय.

मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा भाग असतो. त्याला मेंदूचं पनवेल स्टेशन समजा. हार्बर इथून, ठाणे इथून, दिवा इथून, कर्जत इथून, कोकण रेल्वे इथून. स्टेशनचा पॉवर सप्लाय कमी झाला तर रूळ शाबूत असूनही सगळीकडच्या गाड्या रखडणार. अमेरिकेतले निकोलस शिफ बरीच वर्षं याच कल्पनेवर काम करतायत : धागे तुटल्यामुळे वाचलेला मेंदूही ‘लो पॉवर’वर चालतो, मग स्टेशनलाच बाहेरून सप्लाय दिला तर?

२००७ मध्ये त्यांच्या टीमने ‘नेचर’मध्ये एक केस छापली. ३८ वर्षांचा माणूस, मारहाणीत डोक्याला जबर मार, सहा वर्षं जवळजवळ काहीच प्रतिसाद नाही. पूर्ण कोमा नव्हे, अधूनमधून जाग असल्याची खूण दिसायची, एवढंच. थॅलॅमसमध्ये तार बसवल्यावर तो वस्तूंची नावं घ्यायला लागला, तोंडाने खायला लागला. जगभर बातमी झाली. पण तो एक माणूस होता. एका माणसावरून नियम होत नाही, हे आपल्याला रिसर्च मेथडॉलॉजीच्या पहिल्या लेक्चरला शिकवतात.

इथे आपल्याकडच्या कुणालाही अरुणा शानबाग आठवतील. केईएममधल्या नर्स, नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्या मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्याच हॉस्पिटलात पडून होत्या. त्यांना तार बसवली असती तर? बहुधा काही नाही. प्राणवायू तुटून झालेलं नुकसान वेगळं असतं, मेंदूभर पसरतं; वाचलेलं फार कमी असतं. ‘मेंदूला मार’ हा एक आजार नाही. तार कुठे घालायची हे ठरवण्याआधी आत काय शिल्लक आहे हे बघावं लागतं, आणि रीलमध्ये ते कधीच सांगत नाहीत. अरुणाताईंना त्या ४२ वर्षांत ज्यांनी सांभाळलं त्या केईएमच्या नर्स होत्या. कुठलंही यंत्र नव्हतं.

आता डिसेंबर २०२३ ची गोष्ट, जी तुमच्या-माझ्या वयाच्या जास्त जवळची आहे. शिफ आणि स्टॅनफर्डचे जेमी हेंडरसन यांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये पाच जणांचे निकाल दिले. हे लोक बेशुद्ध नव्हते. चालत-बोलत होते. पण अपघाताला काही वर्षं उलटूनही त्यांना नोकरी-शिक्षण परत धरता आलं नव्हतं. त्यातली एक मुलगी अपघात झाला तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या टप्प्यात होती, पुढे लॉ करायचं ठरवलं होतं. अपघात २००१ चा. ऑपरेशन २०१८ चं. मधली सतरा वर्षं तुम्हीच मोजा.

त्यांची एक चाचणी घेतली. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून जोडायची, १ मग ए, २ मग बी, असं. सोपं वाटतं, पण लक्ष आणि वेग दोन्ही लागतात. तीन महिन्यांनंतर हे पाच जण सरासरी ३२ टक्के कमी वेळात ती पूर्ण करू लागले. टीमने ठेवलेलं लक्ष्य होतं फक्त १० टक्के.

मला यातला सगळ्यात बोलका भाग निकालाच्या पुढचा वाटतो. शास्त्रज्ञांना खात्री करायची होती की फरक करंटमुळेच आहे, सरावामुळे किंवा आशेमुळे नाही. म्हणून काही जणांचं यंत्र गुपचूप बंद करायचं ठरलं, कुणाचं ते पेशंटला न सांगता. पाचपैकी दोघांनी नकार दिला. बंद होण्याची रिस्कच नको म्हणाले. उरलेल्या तिघांपैकी एकाचं बंद केलं, आणि तीन आठवड्यांत त्याचा वेग ३४ टक्क्यांनी घसरला. एका बाजूने बघाल तर हा पुरावा कच्चा आहे : एकाच माणसावर तपासलेला. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी नकार दिला त्यांना काय परत मिळालं असेल त्याचा विचार करा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पाच माणसं म्हणजे पाचच माणसं, आणि तरीही हे ‘फेक’ नाही.

तीनशे वेळा, एका बैठकीत

हाताच्या लकव्याकडे येऊ. इथे पुरावा जास्त आहे आणि जास्त गमतीशीरही.

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये व्हेगस नसेचा अभ्यास आला. १०८ जण, सगळ्यांचा स्ट्रोक किमान नऊ महिने जुना, म्हणजे ‘आता व्हायचं ते होऊन गेलं’ असं ज्यांना सांगितलं जातं ते. सगळ्यांना यंत्र बसवलं. निम्म्यांना खरा करंट, निम्म्यांना नुसतं नाटक. पेशंट हात पुढे नेतो, वस्तू पकडतो, उलटी करतो, त्या क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो आणि नसेला अर्ध्या सेकंदाचा करंट जातो. ‘हे आत्ता केलंस ना, ते लक्षात ठेव,’ असं मेंदूला सांगितल्यासारखं. खरा करंट मिळालेल्यांपैकी ४७ टक्क्यांमध्ये ठळक सुधारणा दिसली. नाटकवाल्यांमध्ये २४ टक्क्यांत. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने या यंत्राला मान्यता दिली. रीलमधला ग्लास उचलणारा हात बऱ्याचदा याच धाटणीचा असतो.

आता कॅप्शनमध्ये जे येत नाही ते. हाताच्या हालचालीला ६६ पैकी गुण देतात. खऱ्या करंटवाल्यांचे सरासरी ५ गुण वाढले, नाटकवाल्यांचे २.४. ‘लकवा गायब’ यात कुठेच नाही. पाच गुण म्हणजे शर्टाचं बटण स्वतः लावता येणं असू शकतं, आणि ज्याला ते येत नव्हतं त्याच्यासाठी ती मोठीच गोष्ट आहे. पण गायब नाही.

आणि व्यायाम? सहा आठवड्यांत १८ बैठका, आणि एका बैठकीत हाताच्या तीनशेहून जास्त हालचाली. गुणाकार केला तर पाच हजार चारशेच्या पुढे. त्यानंतर घरी वेगळं. करंटशिवायही नाटकवाल्या गटात चौघांतला एक सुधारला, तो याच जोरावर.

टीएमएसचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला, तो तर मला चक्क विनोदी वाटला. स्ट्रोकनंतरच्या १९९ जणांना हाताचा व्यायाम दिला, त्याआधी काहींना खरा चुंबक, काहींना खोटा. खरा चुंबक मिळालेल्यांपैकी ६७ टक्के सुधारले. खोटा मिळालेल्यांपैकी ६५ टक्के! म्हणजे चुंबक हरला, पण व्यायाम जिंकला, आणि बातमी झाली ती ‘टीएमएस अयशस्वी’ अशी. आमच्या मास कॉमच्या वर्गात हेडलाइन लिहायला दिली असती तर कदाचित आम्हीही तीच दिली असती. ‘दोन तृतीयांश पेशंट व्यायामाने सुधारले’ यावर कोण क्लिक करणार?

त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थस्टार नावाच्या कंपनीचं असंच झालं होतं. मेंदूच्या आवरणावर करंट देणारं यंत्र, सुरुवातीच्या छोट्या चाचण्या झकास, मोठ्या चाचणीत अपेक्षित फरक दिसला नाही, आणि कंपनीने गाशा गुंडाळला. उलट २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या आंद्रे मचाडो यांनी लहान मेंदूत तार बसवून १२ पैकी ९ जणांचा हात सुधारल्याचं छापलं. बारा जण. पुढे हे नॉर्थस्टारच्या वाटेने जाईल की व्हेगसच्या, हे मोठी चाचणीच सांगेल.

मग आपल्याकडे काय?

मेंदूत तार बसवणं आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत पेडर रोडच्या जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी कित्येक वर्षं पार्किन्सनच्या पेशंटवर डीबीएस करतायत. २०२२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका रुग्णावर डिप्रेशनसाठी डीबीएस केलं, तेव्हा नव्या कायद्याप्रमाणे राज्याच्या मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी मिळायलाच कित्येक महिने लागले होते. मला ही दिरंगाई वाटत नाही. मेंदूचं ऑपरेशन आहे, कुणीतरी तिसऱ्याने प्रश्न विचारायलाच हवेत.

पण लक्षात घ्या, पार्किन्सनसाठी डीबीएस ही सिद्ध झालेली ट्रीटमेंट आहे. अपघातानंतरच्या मेंदूसाठी ती अजून प्रयोग आहे, जगात सगळीकडेच. म्हणजे पनवेलचा एखादा काका ‘मुंबईत करतात म्हणे’ असं सांगत असेल तर तो खोटं बोलत नाहीये; तो दोन वेगळ्या आजारांची एक गोष्ट करतोय.

मला विचाराल तर आपल्याकडचा खरा प्रश्न तारेच्या बराच अलीकडे आहे. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आली : रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंतचे उपचार, अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त सात दिवस. चांगली योजना आहे, जीव वाचवणारी आहे. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण या योजनांची रचनाच ॲडमिट असलेल्या पेशंटभोवती आहे. मेंदूच्या माराचं कॅलेंडर वेगळं चालतं. आठव्या दिवशी माणूस कदाचित डोळे उघडत असतो. खरी मेहनत सुरू होते डिस्चार्जनंतर, आणि ती महिनोन्‌महिने चालते. फिजिओ, बोलण्याची थेरपी, लक्ष-स्मरणशक्तीचा सराव, आणि हे सगळं करून घेणारं घरातलं एक माणूस, जे बहुतेक वेळा आई किंवा बायको असते आणि बहुतेक वेळा नोकरी सोडून बसलेली असते.

सरकारी जागा आहेत. हाजी अलीला ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ १९५५ पासून आहे, आणि पुनर्वसन हेच तिचं काम. पण पनवेलहून तिथे जायचं म्हणजे हार्बरने कुर्ला, तिथून सेंट्रलने दादर, तिथून वेस्टर्नने महालक्ष्मी. एक बाजू लुळी असलेल्या माणसाला घेऊन, दोन ठिकाणी पूल चढून. आठवड्यातून तीनदा. व्हेगसच्या अभ्यासातल्या अठरा बैठका या मार्गाने करून बघा. टॅक्सी म्हणाल तर भाडं कोण देणार?

म्हणून मला ‘भारतात हे यंत्र कधी येणार’ या प्रश्नापेक्षा ‘पनवेलमध्ये तीनशे वेळा हात हलवून घेणारं कुणी आहे का’ हा प्रश्न जास्त तातडीचा वाटतो. करंट हा मसाला आहे. भातच नसेल तर मसाला कशावर घालणार? आणि भात महागडा नाही. फिजिओथेरपीच्या कॉलेजांमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यातली कितीतरी तुमच्या ओळखीची असतील. महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातले तीन दिवस न्यूरो-फिजिओ बसला तर त्यासाठी कुणाच्या डोक्याला भोक पाडावं लागत नाही. पनवेल महापालिका २०१६ ची, राज्यातल्या नव्या महापालिकांपैकी एक. तिच्याकडे हे मागता येतं, आणि वॉर्डातल्या नगरसेवकाला हा प्रश्न आपण विचारू शकतो. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल विचारतोच की.

आणखी एक गोष्ट, ही थेट कॉलेजशी संबंधित. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ला. मेंदूला मार लागणं असा स्वतंत्र प्रकार त्यात नाही. हात-पाय लुळा पडला असेल तर ‘चलनवलनाचं अपंगत्व’ म्हणून प्रमाणपत्र मिळू शकतं. पण ज्याचे हात-पाय ठणठणीत आहेत आणि लक्षच टिकत नाही, पेपर तीन तासांत पूर्ण होत नाही, त्याने कुठल्या रकान्यात बसायचं? तुमच्या वर्गात एखादा ‘ॲक्सिडेंटनंतर ड्रॉप घेतलेला’ मुलगा असेल तर त्याला विचारा. परीक्षेला जादा वेळ मिळवण्यासाठी त्याला आधी स्वतःला दुसऱ्याच कुठल्यातरी नावाखाली सिद्ध करावं लागतं.

परीक्षेआधी हेडसेट?

आता थोडं आपल्याच गळ्याशी. टीडीसीएसचं यंत्र म्हणजे शेवटी एक बॅटरी, दोन तारा आणि दोन स्पंज. त्यामुळे जगभर लोक ते घरी बनवतात, ‘फोकस वाढवणारे’ हेडसेट विकतातही. सेमिस्टरच्या आधी कुणीतरी होस्टेलवर लिंक शेअर करणारच. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या ३९ संशोधकांनी अशा घरगुती प्रयोग करणाऱ्यांना एक खुलं पत्र लिहिलं. त्यात धमकी नव्हती, सल्ला होता, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं असं : करंट फक्त स्पंजाखाली थांबत नाही, आजूबाजूला पसरतो. एक क्षमता वाढली तर दुसरी घटू शकते. तोच करंट वेगवेगळ्या लोकांवर वेगळा, कधी अगदी उलटा परिणाम करतो. आणि आजारी मेंदूसाठी जी जोखीम घेणं योग्य असतं, ती धडधाकट मेंदूसाठी योग्य असेलच असं नाही.

डोक्याला मार लागलेल्या माणसावर तर घरी हे करूच नका. अशा मेंदूत फिट येण्याची शक्यता आधीच जास्त असते. ऑपरेशनमध्ये कवटीचा तुकडा काढला असेल किंवा धातूची पट्टी बसवली असेल तर करंट कुठून जाईल याचं गणितच बदलतं. छातीत पेसमेकर असेल तर तो आणखी वेगळा धोका.

आणि उद्या कुणी तुमच्या घरच्यांना म्हणालं, ‘मेंदूत करंट देतो, पॅकेज आहे,’ तर काय करायचं? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, ही सरकारी साइट आहे. कुणालाही फुकट शोधता येतं. आपल्याकडे हे अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे, त्यामुळे तिथे त्या ट्रायलची नोंद हवी. नोंद असेल तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीची माहितीही दिसते. आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनासाठीचा जादा खर्च पेशंटकडून घ्यायचा नसतो. म्हणजे ‘प्रयोग आहे’ आणि ‘इतके लाख आगाऊ भरा’ ही दोन वाक्यं एकत्र आली की उठायचं. खुर्ची मागे सरकवून.

त्यांना आणखी दोन गोष्टी विचारा. करंटच्या जोडीला व्यायामाच्या किती बैठका? ‘व्यायाम लागत नाही, यंत्रच करतं सगळं’ असं उत्तर आलं तर समोरच्याने यातला एकही अभ्यास वाचलेला नाही. दुसरं, बॅटरी संपल्यावर किंवा कंपनी बंद पडल्यावर यंत्राचं काय? हा खवचटपणा नाही. अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीने साडेतीनशेहून जास्त अंध लोकांच्या डोळ्यांत यंत्रं बसवली, नंतर पैसे संपले आणि कंपनीने ते तंत्रज्ञानच सोडून दिलं. यंत्रं लोकांच्या डोळ्यांत तशीच राहिली, सुटे भाग मिळेनासे झाले.

फॅमिली ग्रुपवरच्या त्या रीलखाली काय लिहायचं हे अजून ठरत नसेल, तर मी एवढंच टाईप करेन : ‘खरं आहे, पण अर्धं. आत्ता दादाचा फिजिओ आठवड्यातून किती वेळा येतो?’